कालच्या भागाबद्दल

"तो मेलेला नाही. लिहून देते मी," कंडक्टरबाई म्हणाल्या. "प्रेत दाखवलं का? नाही ना? मग थोड्या दिवसांनी दाढी वाढवून येतोय बघा परत."

"अहो, गाडी दरीत गेली त्याची. पेटली," मिस्त्री म्हणाले.

"गाडी पेटली. तो पेटताना दिसला का तुम्हाला?"

तो पेटताना काही मिस्त्रींना दिसला नव्हता. त्यांना हसू फुटलं, पण हातातल्या सुया हलू नयेत म्हणून ते पोटातल्या पोटात हसले. शेजारच्या पलंगावर कंडक्टरबाई एक हात ताठ पसरून आणि गळ्यापर्यंत चादर ओढून पडल्या होत्या. दोघांच्या उशाशी डायलिसिसची यंत्रं होती. अंगातलं रक्त नळीवाटे बाहेर घ्यायचं, गाळायचं आणि परत अंगात सोडायचं, हे काम ती तासन्‌तास एका लयीत करत राहायची. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. आदल्या रात्री झालेला मालिकेचा भाग सकाळी त्यावर पुन्हा लागायचा. दोघांनीही तो आपापल्या घरी पाहिलेला असायचाच. तरी इथे परत पाहायचा आणि पाहता पाहता त्याची पिसं काढायची, असा त्यांचा एक दिवसाआडचा परिपाठ होता.

"या दोघांची तोंडं मशीनपेक्षा जास्त चालतात," सिस्टर जाता येता म्हणायची.

मिस्त्रींची हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत, तेलकट दोरखंडांच्या संगतीत एकट्याने काम करायचं. त्यामुळे बोलायची सवय अशी त्यांना नव्हतीच. बाईंचं नेमकं उलट. भरलेल्या बसमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडण्यात त्यांची नोकरी झाली होती. निवृत्त झाल्या तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता. त्या कुजबुजल्या तरी अख्ख्या खोलीला ऐकू जायचं.

मिस्त्री पहिल्यांदा इथे आले तेव्हा नळीतून वाहणारं स्वतःचं रक्त पाहून ते टक लावून त्या नळीकडेच बघत राहिले होते. तोंडावर घाम सुटला होता, आणि मोकळ्या हाताने तो पुसायचंही सुचत नव्हतं. तेव्हा शेजारच्या पलंगावरून, ओळख ना पाळख, बाई म्हणाल्या होत्या, "ती मोठाल्या कानातल्यांची बाई आहे ना, तिच्यावर नजर ठेवा. आज ती दुधात काहीतरी कालवणार." मिस्त्रींनी मुकाट्याने कानातल्यांच्या बाईवर नजर ठेवली. तिने दुधात खरोखरच काहीतरी कालवलं. ते दूध कोण पिणार या काळजीत मिस्त्री स्वतःचं रक्त विसरून गेले. त्या रात्री घरी त्यांनी जन्मात पहिल्यांदा एखादी मालिका मन लावून पाहिली, कारण पुढच्या खेपेला बाईंना काहीतरी सांगायला हवं होतं.

तेव्हापासून त्यांची गट्टी जमली. पण बोलणं सगळं मालिकेचं. घरचं नाही, आजाराचं तर नाहीच. कोपऱ्यातल्या पलंगावरचा माणूस अचानक यायचा बंद झाला, की दोघं तिकडे न बघता मालिकेतल्या सासूला नावं ठेवत राहायची. असं ठरवलेलं नव्हतं, पण दोघंही ते पाळत होती.

मग मालिकेतल्या आईच्याच किडन्या गेल्या.

पहिला दिवस तर हसण्यात गेला. नटीला डायलिसिसच्या पलंगावर निजवलं होतं. ओठांना लाली, केस विंचरलेले, आणि हाताला नुसती चिकटपट्टी.

"हिला एकदा आणा म्हणावं इकडे," बाई म्हणाल्या. "पायात गोळे आले की लाली कुठल्या कुठे जाते ते कळेल."

"आणि मशीन बघितलंत का? बंदच आहे. एकसुद्धा दिवा लागलेला नाही," मिस्त्री म्हणाले.

पण पुढच्या भागात मालिकेतली मुलगी आईच्या पलंगाशी बसून म्हणाली की, माझी एक किडनी तू घे. मागे सनई का सारंगी असं काहीतरी रडायला लागलं. एरवी अशा जागी बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. त्या दिवशी त्या गप्प होत्या. जाहिराती लागल्या तेव्हा त्यांनी छताकडे बघतच विचारलं, "तुमचं काय मत?"

"कशाबद्दल?"

"घ्यावी का तिने?"

"कसली घ्यायची," मिस्त्री म्हणाले. आवाज चढलाय हे त्यांचं त्यांनाही जाणवलं. "आई म्हणवते आणि पोरीच्या पोटाला चिरा पडू देते? आपण जगलो तेवढं पुरे. पोराबाळांच्या अंगातलं काढून घेऊन जगायचं, त्याला काय जगणं म्हणतात? मी असतो तर पोरीला खोलीबाहेर काढलं असतं."

"तिने मागितली नाही हो. पोरगी आपणहून देतेय."

"आपणहून देतात तेव्हाच तर नाही म्हणायचं असतं."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत मिस्त्री एका दमात एवढं कधी बोलले नव्हते.

"आणि पोरीला लहान मूल असतं तर?"

"मग तर प्रश्नच नाही."

"हं," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचं." आणि त्यांनी चादर आणखी थोडी वर ओढली.

मिस्त्रींना त्या दिवशी बरं वाटलं होतं. आपलं मत कोणाला तरी पटलं, याचं बरं. पण ते मत आलं कुठून, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

आजार नवा होता तेव्हा डॉक्टरांनी त्यांना आणि त्यांच्या मुलाला समोर बसवून सांगितलं होतं की, घरातल्या कोणी किडनी दिली तर यंत्रापासून सुटका होईल. मिस्त्रींची बायको केव्हाच गेली होती. घरातलं म्हणजे हा मुलगाच. "बघतो मी. चौकशी करतो," असं मुलगा डॉक्टरांना म्हणाला. परतीच्या वाटेवर त्याने तो विषय काढला नाही, दुसऱ्या दिवशीही काढला नाही. पुढच्या आठवड्यात तो एक मोठा टीव्ही घेऊन आला आणि बाबांच्या खोलीत त्याने स्वतःच्या हाताने तो भिंतीवर बसवला. "तुमचा वेळ जाईल बाबा," तो म्हणाला. सूनबाई एकदा भाजी निवडताना सहज बोलल्यासारखं बोलली, "यांची नोकरी दिवसभर उभ्याची. आणि पाठ तर धरलेलीच असते." मिस्त्री म्हणाले, "हो ना. जपायला हवं त्याने." प्रकरण तिथेच मिटलं. मुलगा वाईट नव्हता. औषधं वेळेवर आणायचा, रोज रात्री खोलीत डोकावून जायचा. पण डोकावताना त्याची नजर टीव्हीकडे असायची, बापाकडे नाही. मिस्त्रींनीही नजरेला नजर द्यायचा हट्ट धरला नाही. आपल्याला नकोच होती, असं ते मनाशी म्हणत गेले. म्हणता म्हणता ते त्यांना खरं वाटायला लागलं, आणि मालिकेतल्या त्या आईवर ते सगळं एकदम बाहेर पडलं.

मालिकेतल्या आईने मात्र किडनी घेतली. दोन-चार भागांत ती हिंडूफिरू लागली.

"टाके वाळायच्या आत बया स्वयंपाकघरात," मिस्त्री म्हणाले.

"आपली नाही बाई एवढी हिंमत," कंडक्टरबाई म्हणाल्या. मिस्त्रींना वाटलं, नेहमीसारखी थट्टाच.

हळूहळू बाईंचा आवाज खाली यायला लागला. पावलं सुजायची. पलंगावर चढताना त्या मध्येच थांबायच्या आणि थांबलेलं दिसू नये म्हणून उशी नीट करत बसायच्या. दरीत गेलेला तो माणूस एके दिवशी खरंच दाढी वाढवून परत आला. मिस्त्री बाईंच्या शेऱ्याची वाट बघत राहिले. "बघा," एवढंच बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. पुढच्या खेपेला अख्खा भाग त्या झोपून होत्या. मिस्त्रींनी सिस्टरला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं. बाई जाग्या झाल्यावर, काय काय झालं ते सगळं त्यांनी त्यांना सांगितलं. मिस्त्रींना गोष्ट सांगता येत नव्हती. कोणाच्या तोंडचं वाक्य कोणाच्या तोंडी घातलं कोण जाणे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगता ते मालिकेपेक्षा बरं आहे."

रविवारची सुट्टी होऊन सोमवारी मिस्त्री आले, तर शेजारच्या पलंगावर एक किडकिडीत गृहस्थ वर्तमानपत्र तोंडासमोर धरून पडले होते.

मिस्त्री वजनकाट्यावरून उतरले ते तिथेच उभे राहिले. सिस्टर जवळ आली. "काल पहाटे," ती हळूच म्हणाली. "घरीच गेल्या. झोपेत. चला, तुमच्या सुया लावून घेऊ."

समोर मालिका लागली. मिस्त्रींनी ती पाहिली, पण काय पाहिलं ते त्यांना सांगता आलं नसतं.

घराचा पत्ता द्यायची सिस्टरला परवानगी नव्हती. पण फरशी पुसणाऱ्या मावशी बाईंच्याच गल्लीत राहायच्या. त्यांनी खाणाखुणा सांगितल्या. मिस्त्रींनी दोन-तीन दिवस विचार केला. जायचं तर कोण म्हणून जायचं, हा प्रश्न होता. नातेवाईक नाही, शेजारी नाही, हाताखाली काम केलेला माणूस नाही. शेवटी एका दुपारी इस्त्रीचा सदरा घालून ते निघाले. मुलाला सांगितलं, ओळखीतलं कोणी गेलंय.

इमारत जुनी होती, आणि लिफ्टमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला वर जायला तिथे जिनाच होता. प्रत्येक वळणावर दम खात ते तिसऱ्या मजल्यावर पोचले. दार बाईंच्या लेकीने उघडलं. चष्म्याच्या दुकानात काम करते, एवढं मावशींनी सांगितलं होतं. चेहरा बाईंसारखा नव्हता. पण "कोण हवंय?" म्हणाली तेव्हा आवाज तोच निघाला, फक्त पट्टी खालची.

"मी तिथे... शेजारच्या पलंगावर असायचो."

"मिस्त्री?" ती म्हणाली. "लिफ्टवाले ना? या, आत या."

खोली लहान आणि टापटीप होती. खुर्चीवर शाळेचा गणवेश वाळत घातला होता. लेकीने तो उचलला आणि त्यांना बसायला जागा करून दिली. एका कोपऱ्यातली बिछान्याची जागा नुकतीच मोकळी झालेली दिसत होती. फरशीवर पलंगाच्या पायांचे चार फिके ठसे होते.

"घरी आली की आधी तुमचं सांगायची," लेक म्हणाली. "आज मिस्त्री हे म्हणाले, आज मिस्त्री ते म्हणाले. आम्हाला वाटायचं, तिथे उपचार चालतात का मंडळ भरतं."

मिस्त्री हसले. इतक्या दिवसांत कोणी आपल्याबद्दल कुठे काही सांगत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. "फार बोलक्या होत्या," ते म्हणाले. "माझा वेळ त्यांच्यामुळे गेला."

लेक त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. थोडा वेळ हाताची नखं बघत राहिली.

"एक विचारू? राग मानू नका."

"विचारा की."

"मालिकेत तो किडनीचा भाग झाला ना. मुलगी आईला किडनी देते तो. त्यावर तुम्ही काही बोलला होतात का? का आईने आपल्या मनचं तुमच्या तोंडी घातलं?"

समोरची बाई काय विचारते आहे हे त्यांना अजून पुरतं कळलं नव्हतं. पण तिच्या विचारण्यातच एक दार उघडं ठेवलेलं होतं, हे कळलं. नाही म्हटलं असतं तर ती मानून घेणार होती. बहुधा तिला ते मानायचंच होतं.

"बोललो होतो," ते म्हणाले.

"काय बोललात?"

त्यांनी सांगितलं. चिरा पडू देते, हे सांगितलं. आपणहून देतात तेव्हाच नाही म्हणायचं असतं, हेही सांगितलं. वाक्यं त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होती.

लेकीने मान हलवली. "हेच. अगदी हेच." मग ती सावकाश, जणू दुसऱ्या कोणाची हकिकत सांगावी तशी बोलत राहिली. "माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. जुळत होतं. नवऱ्याला मनवायला वेळ लागला, पण तोही तयार झाला. दुकानात रजेचं बोलून ठेवलं होतं. तारीख घ्यायची तेवढी राहिली होती. आई कां कूं करत होती, पण तयार होत आली होती. त्या दिवशी डायलिसिसहून आली आणि म्हणाली, नको. का, म्हटलं. तर म्हणाली, तुझं पोर लहान आहे. मिस्त्रींचंही तेच मत पडलं. ते उगाच बोलणारातले नाहीत. विचार करून बोलतात."

"मी विचार करून बोललो नव्हतो," मिस्त्री म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"त्यांच्याबद्दल बोलत नव्हतो मी. मला माहीतच नव्हतं. त्या कधी घरचं बोलल्या नाहीत. मी मालिकेतल्या बाईबद्दल बोलत होतो." ते थांबले. मग जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी या अनोळखी बाईला सांगितलं. "आणि तिच्याबद्दलसुद्धा नाही. माझा मुलगा देईन म्हणाला नाही. तो बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. तो टीव्ही घेऊन आला. ते लागलं होतं मला. म्हणून मी तसं बोललो. त्याने विचारलं असतं, तर मी हो म्हटलं असतं. लगेच म्हटलं असतं."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती दर खेपेला घरघरायची आणि बंद पडायची.

"दोन महिने मी तिच्या मागे लागले होते," लेक म्हणाली. "रडले, भांडले. शेवटी शेवटी तर आम्ही धड बोलतसुद्धा नव्हतो. ती रात्री मालिका बघत बसायची आणि मी आत जाऊन झोपायचे. त्या रात्रीसुद्धा आत होते मी."

"माझं चुकलं," मिस्त्री म्हणाले.

"कदाचित ती नाहीच म्हणाली असती. तुम्ही काही बोलला नसतात तरी. हट्टी होती. मी रोज स्वतःला हेच सांगते." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. "पण ते मला आता कळणार नाही. तुम्हालाही नाही."

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"तुम्ही जा आता," ती म्हणाली. "माझा राग नाही. म्हणजे आहे. पण तुम्ही खोटं बोलला नाहीत, ते मी लक्षात ठेवेन. आता मात्र जा."

ते उठले. हात जोडावेत असं वाटलं, पण तेही जास्त होईल म्हणून नुसती मान लववून बाहेर पडले. पाठीमागे दार लागलं.

एक मजला उतरेपर्यंत त्यांचा श्वास आखूड झाला. पुढच्या वळणावर तर भिंत आधी डोळ्यांसमोरून सरकली आणि मग पायऱ्या. कठडा धरून ते तिथेच खाली बसले. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला. तोंड उघडं टाकून ते हवा ओढत राहिले. हाक मारावी असं कोणी नव्हतं, आणि मारायला आवाजही नव्हता.

वरचं दार उघडल्याचं त्यांनी ऐकलं. पावलं सावकाश खाली आली. लेक दोन पायऱ्या वर थांबली. पदराने वारा घालणं, पाठीवरून हात फिरवणं, असलं काही तिने केलं नाही. तिने तिथल्या खिडकीची अडकलेली झडप जोर लावून उघडली आणि पायरीवर बसली.

"घाई करू नका," थोड्या वेळाने ती म्हणाली. "पुढे वाका. कोपर गुडघ्यांवर टेका. आता तोंडाने सोडा."

मिस्त्री पुढे वाकले. त्यांनी कोपर गुडघ्यांवर टेकले.

खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. तिच्यावरचं ऊन इंचाइंचाने वर सरकत गच्चीकडे चाललं होतं. दुसऱ्या मजल्यावरची एक शेजारीण पिशव्या घेऊन वर आली. दोघांना पाहून अंग चोरून कडेने गेली.

श्वास जागेवर आल्यावर मिस्त्री कठड्याला धरून उभे राहिले. "येतो," असं त्यांच्या तोंडून सवयीने निघालं आणि अर्ध्यावरच थांबलं.

लेक उठली. तिने हात पुढे केला नाही. ते एक पायरी उतरले की तीही एक उतरायची. ते थांबले की थांबायची. अशी ती त्यांच्या मागे एक पायरी अंतर ठेवून, रस्त्याच्या दारापर्यंत खाली आली.